तोकिलुपेचा सातवा दिवस

फांगालाही नावाच्या गावात तोकिलुपेला आत्या न म्हणणारी माणसं फार थोडी होती. तिचा धाकटा भाऊ हेनेली याची सात मुलं तर होतीच. चुलतभावांची, आतेभावांची मुलं धरली की संख्या चाळिसाच्या घरात जाई. आमच्या बेटांवर बापाच्या बहिणीचा मान सगळ्यांत मोठा. लग्नात ती सर्वांच्या वरच्या जागी बसते, घरातली उत्तम चटई तिच्यापुढे ठेवली जाते, आणि भाच्याभाचींनी तिचा शब्द मोडायचा नसतो. तिच्यासमोर पाय पसरून बसत नाहीत, थट्टा करत नाहीत, मोठ्यानं हसत नाहीत. या सगळ्याचा परिणाम असा की तिच्या शेजारी सहसा कोणी बसतच नाही.

बहीणभावांचा संकोच याहून कडक. वयात आल्यावर ती एका छपराखाली झोपत नाहीत, एकमेकांसमोर हलकंसलकं बोलत नाहीत, आणि शक्यतो निरोपानंच बोलतात. म्हणून १९८७ साली तोकिलुपेचा नवरा आइसाके मासेमारीला गेला तो होडीसकट परतलाच नाही आणि मूलबाळ नसलेली ती अडतीस वर्षांची बाई बापाच्या जमिनीवर परत आली, तेव्हा हेनेलीनं तिला स्वतःच्या घरात ठेवलं नाही. त्यानं तिच्यासाठी वेगळं घर बांधलं. दोन्ही घरांमधलं अंतर मोजून तीस पावलं आहे. गावात सगळे म्हणत की बहिणीचा असा आदर करणारा भाऊ विरळा, आणि ते खरंच होतं.

इथे जे लिहिलं आहे ते मुख्यतः चर्चच्या दुसऱ्या वर्गाच्या वहीवरून, तोकिलुपेनं स्वतः चार बैठकांत सांगितलेल्या हकिकतीवरून आणि तिची मैत्रीण लावीनिया हिच्या फोनवरच्या आठवणींवरून जुळवलेलं आहे. जिथे दोघींच्या सांगण्यात तफावत आहे, तिथे तसं नोंदवलं आहे.

आमच्या चर्चमध्ये मंडळी लहान लहान वर्गांत विभागलेली असतात. वर्ग दर शुक्रवारी संध्याकाळी भरतो, आणि प्रत्येकानं उभं राहून आपल्या आत्म्याची अवस्था सांगायची असते. त्याला साक्ष म्हणतात. तोकिलुपे दुसऱ्या वर्गात होती आणि हेनेली तिसऱ्या, कारण बहिणीदेखत भाऊ आपली पापं कशी सांगणार?

आठवड्याचे सहा दिवस तिला जड जात नसत. केवड्याची पानं कापायची, काटे काढायचे, उकळायची, दोरीला बांधून समुद्राच्या पाण्यात पांढरी होईतो ठेवायची, मग सुकवून नखानं चिरून दोऱ्यासारखी बारीक पाती करायची. गावातल्या बायका गटानं विणायला बसत. आज एकीची चटई, उद्या दुसरीची. तोकिलुपेची बोटं सगळ्यांत जलद होती.

"तुझ्यामुळे आमची बदनामी होते," लावीनिया तिला म्हणायची. "तू वीतभर विणतेस तोवर मी फक्त जांभई देऊन घेते."

"जांभई आवर, तोंडात माशी जाईल."

"जाऊ दे. तेवढंच मटण."

लावीनिया वाव्हाउ बेटाची, लग्न होऊन आमच्याकडे आलेली. ती कोणाच्याच रक्तातली नव्हती, त्यामुळे तोकिलुपेशी असं बोलू शकणारी ती एकटीच. गटातल्या बाकीच्या बायका भाच्या किंवा भाचेसुना होत्या. तोकिलुपे आली की त्यांच्या गप्पा आपोआप हवापाण्यावर येत.

खरी अडचण होती रविवारची. आमच्या देशात रविवार, म्हणजे शब्बाथ, पवित्र आहे असं राज्याच्या घटनेतच लिहिलेलं आहे. त्या दिवशी शेतात जायचं नाही, होडी ढकलायची नाही, कपडे वाळत घालायचे नाहीत. सकाळी भुईतल्या भट्टीत, म्हणजे उमूत, तापलेल्या दगडांवर जेवण पुरून ठेवायचं, कमरेला चटई गुंडाळून उपासनेला जायचं, परत येऊन जेवायचं आणि संध्याकाळच्या घंटेपर्यंत झोपायचं. ही झोप आळसाची गणली जात नाही. देवानं सातव्या दिवशी काम थांबवलं म्हणून आपणही थांबायचं, इतका सरळ तो विचार आहे.

तोकिलुपे थांबू शकत नसे. दर रविवारी हेनेलीचं एखादं मूल उंबऱ्यावर ताट ठेवून जाई: अळूच्या पानांत नारळाच्या दुधासकट भाजलेलं खारं मांस, कोनफळ, नीरफणस, आणि आत्याचा मान म्हणून डुकराचा उत्तम तुकडा. मूल मान खाली घालून मागे सरे. मग रस्ता ओस पडायचा. तीस पावलांवर भावाचं सगळं घर झोपलेलं, आणि इथे ती ताटापुढे. जेवण चार माणसांचं असे. ती दोन घास खाई, आणि पुढचे पाच तास तिच्यापुढे तसेच पडून राहत.

१९८९ साली केव्हातरी तिनं दुपारी खिडक्यांच्या फळ्या लावून विणायला सुरुवात केली. झाडाच्या सालीचं कापड कुटायचं असतं तर हातोडीचा आवाज गावभर गेला असता. विणण्याला आवाज नसतो. तिनं हात घातला तो साध्या चटईला नव्हे, तर लग्नात नेसायच्या अतिशय तलम चटईला, जी पुरी व्हायला वर्षं लागतात. हेनेलीची थोरली मुलगी सिलिका हिच्यासाठी. असं काम खरं तर पहाटेच्या दमट हवेत करतात, कारण कोरड्या दुपारी पातं तडकतं. ती शेजारी ओलं फडकं ठेवून विणायची. तडकलेलं पातं बदलून नवं जोडायची.

देव पाहतो आहे हे तिला माहीत होतं, आणि त्याची तिला भीतीही वाटत होती. "पण रिकाम्या हातांची भीती जास्त होती," असं ती म्हणाली. तिला विसावा हवा होता आणि तो कसा घेतात हे तिला येत नव्हतं. सगळं गाव दर आठवड्याला जे झोपेत करत होतं, ते तिला जागेपणी प्रयत्न करूनही साधत नव्हतं.

१९९६ साली दुसऱ्या वर्गाचे वृद्ध प्रमुख मुलाकडे न्यूझीलंडला गेले. चर्चचे नवे पाळक कालेपी, वयानं तिशीचे, तोकिलुपेकडे आले. वर्गाचं प्रमुखपद तिनं घ्यावं अशी त्यांची इच्छा होती.

"मी त्या जागेच्या लायकीची नाही, पाळकसाहेब."

"लायक माणूस नेमकं हेच म्हणतो."

"तसं नाही. मी खरंच म्हणतेय."

"तेही लायक माणूसच म्हणतो," पाळक हसून म्हणाले. "तुम्ही आणखी दोनदा नाही म्हणा, मी आणखी दोनदा येतो. रीत आहे ती. पण वही आजच ठेवून जातो."

इथे आमची एक सवय सांगायला हवी. आमच्यात बोलायला उभा राहणारा प्रत्येक जण आधी स्वतःला खाली घालतो. घरी पाच डुकरं कापली असली तरी यजमान म्हणतो, घरात खायला काही नाही. वर्गातली प्रत्येक साक्ष "मी इथे जमलेल्यांत सगळ्यांत नालायक, सगळ्यांत पापी" अशी सुरू होते, आणि जो ते जास्त गोड सांगेल त्याची साक्ष चांगली. ऐकणाऱ्यांपैकी ते शब्दशः कोणी घेत नाही. घेणं असभ्यपणाचं ठरेल.

तीन महिने तोकिलुपेनं दर शुक्रवारी इतरांना त्यांच्या आत्म्याबद्दल विचारलं आणि दर रविवारी खिडक्या लावून विणलं. मग ऑक्टोबरमधल्या एका शुक्रवारी ती स्वतः उभी राहिली.

"मी शब्बाथ मोडते," ती म्हणाली. "दर रविवारी मोडते. गेली सात वर्षं. आणि तुम्हाला विचारते की तुमचा आत्मा कसा आहे."

मागच्या बाकावरून कोणीतरी "आमेन" म्हणालं. मग दुसरं कोणी. एका म्हाताऱ्या बाईनं डोळे पुसले.

"मी चटई विणते," ती म्हणाली. "घरात बसून. हातांनी."

"आपण सगळेच विणतो, आत्या," एक भाचेसून हळुवारपणे म्हणाली. "मनातल्या मनात सगळ्यांचीच कामं चालू असतात."

त्या दिवशीची वहीतली नोंद वर्गाच्या चिटणिसाच्या हातची आहे. ती अशी: "प्रमुखांची साक्ष फार सुंदर झाली. सर्वांचे डोळे भरून आले. उपस्थिती चोवीस." पानावर खाडाखोड नाही. नोंद प्रामाणिकपणे केलेली आहे, आणि चिटणिसानं जे पाहिलं ते बरोबरच पाहिलं. त्या संध्याकाळी ती घरी चालत गेली तेव्हा, तिच्या म्हणण्याप्रमाणे, आइसाके गेल्यानंतरही वाटलं नव्हतं इतकं तिला एकटं वाटलं. पाप लपवलं होतं तोवर निदान एक दिवस ते सांगता येईल अशी सोय होती. आता सांगून झालं होतं.

लावीनिया त्या वर्गात होती. ती आमेन म्हणाली की नाही, याबद्दल दोघींचं एकमत नाही. तोकिलुपे म्हणते की ती सगळ्यांत मोठ्यानं म्हणाली. लावीनिया म्हणते की तिचा डोळा लागला होता आणि शेवटचं "हातांनी" तेवढं तिनं ऐकलं. ते तिला खटकलं. माणूस साक्षीत हृदयाबद्दल बोलतो, हातांबद्दल नाही.

पुढच्या रविवारी जेवण झाल्यावर लावीनिया ताट घेऊन तोकिलुपेच्या दारात उभी राहिली.

"दार उघड. ताट गरम आहे आणि माझे हात भाजतायत."

"मी झोपलेय."

"झोपलेली माणसं बोलत नाहीत. उघड म्हणते ना."

तोकिलुपेनं दार उघडलं. चटई जमिनीवर पसरलेली होती, शेजारी ओलं फडकं, आणि न विणलेली पाती चारी बाजूंना मोकळी पडलेली. लावीनियानं ताट खाली ठेवलं आणि बराच वेळ पाहिलं.

"अगं बाई. म्हणजे खरंच?"

"मी सांगितलं होतं."

"ते तर सगळेच सांगतात. मी दर शुक्रवारी सांगते की मी चोर आहे. मी काय चोर आहे?"

"माझ्या परसातली अळूची पानं कोण नेतं?"

"ती वेगळी गोष्ट." लावीनियानं ओलं फडकं उचललं आणि पुन्हा ठेवलं. "सात वर्षं? एकटी? मला का नाही सांगितलंस?"

"तू काय केलं असतंस?"

लावीनिया धिप्पाड बाई होती, पोटभर जेवून आली होती आणि दुपार तापलेली होती. ती चटईवरच, थेट मोकळ्या पात्यांवर, कूस करून आडवी झाली.

"ऊठ. पाती तडकतील."

"तडकू देत. आम्ही वाव्हाउचे लोक जेवल्यावर उठत नाही."

"लावीनिया."

"मला झोपू दे. रविवार आहे."

आणि थोड्याच वेळात ती घोरू लागली. झोपलेल्या माणसाला ओलांडणं किंवा हलवणं आमच्यात होत नाही, आणि लावीनियाला हलवणं एरवीही सोपं नव्हतं. विणता येणार नव्हतं. तोकिलुपे भिंतीला टेकून बसली आणि हात मांडीवर ठेवले.

पुढचं तिनं जसं सांगितलं तसंच उतरवलं आहे. "त्या दुपारी मी देवबापाला विचारलं की आइसाके कुठे आहे. नऊ वर्षांत मी हे विचारलं नव्हतं. हात चालू असले की विचारावं लागत नाही. तो गेला तेव्हापासून मला वाटायचं की जागं राहणं माझं काम आहे. कोणीतरी समुद्राकडे कान ठेवायला हवा. सगळे झोपतात, मग कोण ऐकणार? त्या दुपारी मला कळलं की ते काम देवबापाचं आहे. त्यानं ते मला दिलेलंच नव्हतं. मी आपणहून घेतलं होतं. मग मला झोप आली."

ती झोप म्हणजेच तिच्या प्रश्नाचं उत्तर होतं का, असं विचारल्यावर ती जरा रागावली. "तसं मी म्हटलेलं नाही. तसं लिहू नकोस. आइसाके कुठे आहे ते मला अजून माहीत नाही. प्रभूला माहीत आहे, आणि त्याला माहीत आहे या भरवशावर मी झोपले. एवढंच लिही."

तेवढंच लिहिलं आहे. संध्याकाळच्या घंटेनं दोघींना जाग आली. सोमवारी पहाटे तोकिलुपेनं पाती तपासली तेव्हा एकोणीस तुटलेली निघाली.

पुढल्या शुक्रवारी तिनं वर्गाची पद्धत बदलली. "आजपासून कोणी स्वतःला पापी म्हणायचं नाही," तिनं सांगितलं. "ते देवाला माहीत आहे. या आठवड्यात काय झालं तेवढं सांगा. काही झालं नसेल तर बसून राहा." वर्ग गोंधळला. काहींनी पाळकांकडे तक्रार केली की आत्यानं साक्षीतला गोडवा काढून टाकला. तिसऱ्या महिन्यात उपस्थिती चोवीसवरून चौदावर आलेली दिसते. वर्षअखेर ती पुन्हा एकोणिसावर गेली, पूर्वीइतकी मात्र कधीच झाली नाही. नोंदींचा सूर बदललेला आहे. "फिनेआसीचं जावेशी भांडण, अद्याप अबोला." "मोसेसेनं सांगितलं की मुलगा पत्र पाठवत नाही. कोणी काही बोललं नाही. थोडा वेळ शांत बसलो." पाळकांनी तिला हटवलं नाही. बहुधा आत्याला हटवायचं कसं हे त्यांना कळलं नसावं.

सिलिकाचं लग्न १९९९ साली झालं. तोकिलुपेनं चटई देण्याआधी तिला खरं सांगितलं की हिच्यातला बराच भाग रविवारी विणलेला आहे, आणि नको असेल तर तिनं तसं म्हणावं. "तुम्ही दिलेलं मी नेसणारच, आत्या," सिलिका खाली पाहत म्हणाली. भाचीला दुसरं काही म्हणताच येत नव्हतं. तिच्या मनात काय होतं ते तोकिलुपेला आजही ठाऊक नाही. ती चटई तपासायला मिळाली. तिच्यात जोड दिलेल्या पात्यांचे दाट पट्टे आढळतात, आणि ते कोरड्या दुपारच्या विणकामाशी जुळतात. निकृष्ट पानांमुळेही तसं होऊ शकतं. शेवटच्या हातभर भागात जोड जवळजवळ नाहीत.

सात वर्षं लावीनिया रविवारी दुपारी ताट घेऊन येत राहिली आणि तोकिलुपेच्या जमिनीवर झोपत राहिली. २००३ साली लेकीच्या बाळंतपणासाठी ती ऑकलंडला गेली आणि तिथेच राहिली.

ती गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मुलानं उंबऱ्यावर ताट ठेवलं आणि तो मागे सरला. तोकिलुपे बसून राहिली. खुंटीवर पात्यांची जुडी टांगलेली होती. तिनं ती काढली, मांडीवर घेतली, बोटं ओली केली. जमिनीवर लावीनियाची जागा मोकळी होती आणि विणायला आता काही अडवत नव्हतं. समुद्राकडे कान लागले आहेत हे तिच्या लक्षात आलं.

तिनं जुडी परत टांगली, ताट उचललं आणि तीस पावलं चालत गेली.

भावजय पिसिला ओसरीवर पंखा घेऊन बसली होती. तिला पाहून ती धडपडत उठली. "वन्सं? काही कमी पडलं का ताटात?"

"काही कमी नाही. मला इथे पडायचंय."

"इथे? पण आत हे झोपलेत."

"त्याला उठवू नकोस. मी भिंतीच्या या बाजूला पडते. उशी असली तर दे."

पिसिलानं उशी आणि घरातली उत्तम चटई आणली. तोकिलुपेनं चटई नको म्हटलं आणि साधीवर बसली. कुडाच्या भिंतीपलीकडे हालचाल झाली. हेनेली जागा झाला होता.

"त्याला म्हणावं, मांसात मीठ जास्त झालंय," तोकिलुपे म्हणाली.

आतून आवाज आला, "तिला म्हणावं, मीठ पिसिलानं घातलंय."

"मी मधे बसलेय," पिसिला म्हणाली. "मला दोन्हीकडून ऐकू येतंय."

"त्याला म्हणावं, डुक्कर चांगलं भाजलंय."

पिसिलानं आत डोकावून पाहिलं. तो छताकडे पाहत उताणा पडला होता आणि त्यानं मान हलवली. तिनं वळून सांगितलं, "ऐकलं म्हणतात."

तोकिलुपे भिंतीकडे पाठ करून आडवी झाली. पिसिलाच्या मते ती दोन तास गाढ झोपली. तोकिलुपेच्या मते तिनं नुसते डोळे मिटले होते. एवढं मात्र दोघीही सांगतात की घराला दार एकच आहे, तिची उशी त्याच्या उंबऱ्याशी होती, आणि झोपलेल्या बहिणीला ओलांडून जाता येत नाही म्हणून हेनेली संध्याकाळच्या घंटेपर्यंत आतच पडून राहिला.